अर्धी राहिलेली कॅसेट

प्रिय सुन्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनवर हल्ली माझं 'काय? काय म्हणालास?' फार होतं, म्हणून कागद घेतला. त्याचं कारण पुढे सांगतो.

दहावीची परीक्षा संपल्यावर तुमच्या माडीवर आपण व्हीसीआर भाड्यानं आणला होता, आठवतंय? सात जणांची वर्गणी. कॅसेटवर चिकटपट्टी लावून 'कराटे' लिहिलेलं आणि आत निघालं भलतंच. टकलू, चष्मेवाला माणूस टेबलामागे बसलाय, शेजारी दुसरा एक, आणि दोघंही नुसतेच तोंडं वेडीवाकडी करतायत. आपण हसत होतो. तेवढ्यात काकू पोह्यांच्या बशा घेऊन वर आल्या आणि त्याच क्षणी टकल्याचं डोकं फुटलं. काकूंनी बटण शोधलंच नाही, सरळ वायर उपटली. सिनेमा खलास. नावसुद्धा कळलं नाही.

परवा भाच्याला नुसतं 'डोकं फुटतं तो सिनेमा' म्हणालो, तर मोबाईलवरून मान वर न करता तो म्हणाला, 'स्कॅनर्स'. आपण जन्मभर गुपित म्हणून सांभाळलेला तो तुकडा ही पोरं एकमेकांना चेष्टेत पाठवतात! मग अख्खा बघितला. दोनदा.

१९८१ चा आहे. कॅनडातला, मॉन्ट्रियलमध्ये शूट झालेला. दिग्दर्शक डेव्हिड क्रोननबर्ग, लिहिलाही त्यानंच. तिकडे तेव्हा सिनेमात घातलेल्या पैशावर करसवलत होती आणि पैसा वर्ष संपायच्या आत खर्चायचा असे. त्यामुळे तयारीला जेमतेम दोन आठवडे मिळाले, स्क्रिप्टही पुरी नव्हती. हा गडी पहाटे उठून सीन लिहायचा आणि दिवसा तेच शूट करायचा. कथेला मधे मधे ठिगळं दिसतात ती त्यामुळेच असावीत. आणि ते डोकं? प्लास्टरची कवटी, वरून जिलेटिनची कातडी, आत मेण, रबराचे तुकडे, उरलेसुरले बर्गर. स्फोटानं मनासारखं फुटेना, तेव्हा मागून शॉटगनचा बार काढला. तुझ्या माडीवर आपण बघितला तो कुणाच्या तरी उष्ट्या बर्गरचा भुगा होता, लेका!

पण मला सांगायचंय ते या डोक्याच्या अलीकडचं. सुरुवात आपण बघितलीच नव्हती, कॅसेट मधूनच लावलेली होती. कॅमेरॉन वेल नावाचा एक फाटका माणूस मॉलमध्ये लोकांनी टाकलेलं खात हिंडतोय. पलीकडच्या टेबलावरच्या दोन बायका त्याच्याविषयी नाकं मुरडतात. ते याच्या डोक्यात घुसतं आणि त्यातली एक बाई झटके येऊन खाली पडते. मग एक डॉक्टर (काम पॅट्रिक मॅकगूहनचं) त्याला खाटेला बांधतो आणि खोलीत माणसं आणून बसवतो. सगळी गप्प. तरी याला सगळ्यांच्या मनातली बडबड ऐकू येते, एकदम, एकाच पट्टीत. अशी मनं ऐकणारी माणसं म्हणजे स्कॅनर्स. तो तळमळतो. मग इंजेक्शन देतात आणि आवाज थांबतात. त्याच्या चेहऱ्यावरची ती शांतता बघ तू.

आता कारण. दोन महिन्यांपासून माझ्या डाव्या कानात यंत्र आहे. पहिल्या दिवशी पेपरचं पान उलटलं तर पत्रा ओढल्यासारखा आवाज. फोडणी, शेजारचा मिक्सर, हिच्या बांगड्या, सगळं सारखंच मोठं. लागोलाग पुतणीच्या लग्नाची पंगत आली. दीडशे माणसं, मागून मठ्ठा वाढणारा ओरडतोय, कुणाचं तरी जावयाविषयी चाललंय, आणि मला एकही वाक्य धड वेगळं काढता येईना. कपाळावर घाम फुटला. यंत्र काढून खिशात टाकलं आणि जिलेबी खाल्ली. मेंदूला सवय होईल म्हणतात. होतेय हळूहळू. पण ती खोलीतली खाट बघितली आणि म्हटलं, हा माणूस मला माहितीय.

वेलचं काम स्टीफन लॅक करतो. मुळात चित्रकार. त्याला लोक ठोकळा म्हणतात, भाचाही म्हणाला. मला नाही पटत. जन्मभर दुसऱ्यांच्या आवाजानं भरलेल्या माणसाला स्वतःचा चेहरा कुठून येणार? समोर मायकेल आयर्नसाइडचा खलनायक रेवोक, तोही स्कॅनर. आतले आवाज बाहेर जावेत म्हणून यानं स्वतःच्या कपाळाला भोक पाडून घेतलंय. तिसरा एक शिल्पकार आहे. त्यानं खोलीएवढं डोकं बनवलंय आणि तो त्याच डोक्यात जाऊन बसतो. वेल त्याला भेटतो तेही त्या डोक्याच्या आत बसून! फुटलेल्या डोक्यापेक्षा मला हेच जास्त आवडलं. टेलिफोनच्या तारेतून कॉम्प्युटरचं मन वाचायचा प्रकार मात्र आहे, तिथं खुशाल हस.

तू औषधाच्या दुकानात बसतोस म्हणून एक सांगतोच. ही माणसं अशी का, तर एफेमेरॉल नावाच्या गोळीमुळे. गरोदर बायकांना शांत वाटावं म्हणून डॉक्टरनं काढलेली गोळी, आणि पहिली दिली ती स्वतःच्या बायकोला. म्हणजे वेल आणि रेवोक कोण, ते आलं ना लक्षात? क्रोननबर्गच्या तरुणपणी थॅलिडोमाइडचं झालंच होतं, गरोदर बायकांनी घेतलेल्या त्या औषधानं मुलं अपंग जन्मली होती. पश्चिम जर्मनीत ते नोव्हेंबर १९६१ मध्ये बाजारातून काढलं, कॅनडात मात्र मार्च १९६२ पर्यंत विकत होते. एकदा कॉलेजात असताना तूच मला त्या मुलांचे फोटो पुस्तकात दाखवले होतेस, हात नसलेल्या. इथं हात शाबूत आहेत, कानाची दारं तेवढी नाहीत.

शेवट सांगत नाही. फक्त कोपऱ्यातून एक आवाज येतो, आणि तो कुणाच्या तोंडून येतो यावर मला तुझ्याशी भांडायचंय.

दिवाळीत कराडला येतोय. तुझ्या माडीवरच लावू. काकूंना विचार, त्यांना ती वायर आठवते का. आठवत असेल तर त्यांनाही बसव. पण पोहे आधीच खाऊन घेऊ. आणि माझ्या उजव्या बाजूला बस, त्या कानानं अजून तुझं नीट ऐकू येतं.

तुझा,
विज्या