सुहास, पैसे आधी फिल्टरवर घाल

मुलुंड, मुंबई
१२ मे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

कांदिवलीच्या तळमजल्यावरच्या सुतारकामाच्या खोलीसाठी एक हॉर्सपॉवरचा डस्ट कलेक्टर, म्हणजे भुसा ओढून पिशवीत गोळा करणारा पंखा, घ्यावा का, असं तू विचारलंस. घे, पण त्याच्याबरोबर मिळणारी पिशवी वापरू नकोस. ती साधी कापडी पिशवी साधारण ३० मायक्रॉनपर्यंतचंच अडवते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). भुसा आणि छिलके आत राहतात, आणि खरी त्रासदायक धूळ कापडातून आरपार जाऊन खोलीभर फवारली जाते. अशा पिशवीचा कलेक्टर लावला की जमीन स्वच्छ दिसते आणि हवा मात्र आधीपेक्षा घाण होते.

डोळ्यांना दिसतो तो भुसा झाडूने निघतो. १० मायक्रॉनच्या आतली धूळ तासन्‌तास तरंगत राहते, आणि अडीच मायक्रॉनच्या आतली थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ मध्येच पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत. मुख्यतः नाकाचा आणि सायनसचा. सागवान, शिसव नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी, असं मिस्त्री लोक सांगतात ते सोडून दे. दोन्हींच्या धुळीने कित्येकांच्या अंगावर पुरळ उठतं. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू सरसात दाबून केलेली फळी, आणखी वाईट. त्यातले तंतू आधीच दळलेले, वर फॉर्मल्डिहाइडवाला सरस.

तेव्हा १ मायक्रॉनची फेल्टची पिशवी किंवा पॉलिएस्टरचा कार्ट्रिज, म्हणजे चुण्या घातलेला नळकांड्यासारखा फिल्टर, माग. वीण जितकी बारीक तितकं फिल्टरचं क्षेत्रफळ मोठं लागतं, नाहीतर ओढ मरते. म्हणून जुन्या पिशवीच्याच मापाची बारीक पिशवी घेऊ नकोस, उंच घे. कागदी कार्ट्रिज आपल्या पावसाळ्यात ओल धरतो, तो नकोच. आणि पिशवी धुवायची नाही. कापडात रुतून बसलेला धुळीचा पातळ थर गाळणी आणखी बारीक करतो. धुतली की तो जातो आणि पिशवी पुन्हा पहिल्या दिवसासारखी गळकी. वरवर झटकायची, तीही मास्क लावून.

फिल्टर तुंबला हे कानाने कळत नाही. त्यासाठी गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी मीटरभर आण, इंग्रजी यूच्या आकारात फळीवर बसव, खालच्या वळणात कुंकू घातलेलं पाणी भर. एक टोक कलेक्टरच्या पिशवीखालच्या पत्र्याच्या कड्याला बारीक भोक पाडून आत, दुसरं मोकळं. नवा फिल्टर लावून मशिन चालू केलं की दोन बाजूंच्या पाण्यात जो फरक दिसेल त्याची खूण कर. फरक दुप्पट झाला की साफ करायची वेळ झाली. बाजारात याचं तयार गेज मिळतं, पण ही नळी तेच काम करते.

आता हवेचा हिशेब. मशिनच्या डब्यावर छापलेला सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा ओढली जाते त्याचा, आकडा पाईप आणि फिल्टर न लावता मोजलेला असतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याच्या निम्माच धर. आडव्या पाईपमध्ये भुसा खाली बसू नये म्हणून हवेचा वेग मिनिटाला साधारण ४,००० फूट लागतो. चार इंची पाईपला त्यासाठी ३५० सीएफएम पुरतात, सहा इंचीला जवळपास ७८५. म्हणून तुझ्या एक हॉर्सपॉवरला सहा इंची पाईप लावलास तर भुसा पाईपमध्येच बसेल. त्याला चार इंचीच शोभतो, तोही आखूड, आणि एका वेळी एकच मशिन. १० बाय १२ फुटांच्या खोलीत छतावरून पाईप फिरवायच्या भानगडीत पडू नकोस. कलेक्टरला चाकं लाव आणि मशिनपाशी ने.

पाईप ड्रेनेजचा ११० मिमीचा घे. मशिनचं तोंड १०० मिमीचं असतं, मधली फट रबराच्या पट्टीने आणि होज क्लिपने बंद कर. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड. वळीवळीचा लवचिक होज गुळगुळीत पाईपच्या दुप्पट-तिप्पट तरी ओढ खातो, म्हणून दीड मीटरच्या वर नको. तोंड धुळीच्या किती जवळ आहे यावर सगळं आहे. उघड्या पाईपच्या तोंडापासून एका व्यासाइतकं लांब गेलं की हवेचा वेग जेमतेम दहा टक्के उरतो. बॅग रिकामी, खोली झाडलेली असताना अगरबत्ती पाईपसमोर धर, धूर कुठपर्यंत वळतो ते बघ. चार इंचांवर तो जवळपास सरळ वर जातो.

टेबल सॉला (टेबलात बसवलेल्या गोल करवतीला) खालून एक तोंड असतंच, पण निम्मा त्रास ब्लेडच्या वरून उडणाऱ्या धुळीचा, तो ब्लेडवरच्या झाकणाला, म्हणजे गार्डला, असलेल्या तोंडाने पकडायचा.

सँडर (घासायचं मशिन), राउटर (खाचा पाडायचं मशिन), हातातला सर्क्युलर सॉ यांना डस्ट कलेक्टर चालत नाही. त्यांची तोंडं २७ ते ३५ मिमीची, तिथे हवा कमी आणि ओढ जोरदार लागते, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरच. हेपा फिल्टरचा, आत फ्लीसची पिशवी घालता येईल असा. हेपाचा अर्थ ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणं, म्हणून नुसतं 'हेपा टाईप' लिहिलेलं घेऊ नकोस. व्हॅक्यूमच्या आधी पाईपमध्ये छोटा सायक्लोन (हवा गरगर फिरवून भुसा खाली पाडणारा डबा) बसवलास तर भुसा त्याच्या डब्यात पडतो आणि फिल्टर जास्त टिकतो, पण बारीक धूळ सायक्लोनमधून निसटतेच. फिल्टरला तो पर्याय नाही. सँडरला जाळीचा सँडपेपर लाव, भोकं जुळवायची कटकट नाही आणि धूळ सगळीकडून ओढली जाते. होज, क्लिपा नागदेवी स्ट्रीटला मिळतील. हातात मशिनच्या तोंडाचं माप घेऊन जा, नाहीतर तीनदा फेऱ्या.

एवढं करूनही काही सुटतंच. १० बाय १२ बाय ९ म्हणजे १,०८० घनफूट. तासाला आठ वेळा हवा गाळायची तर १४४ सीएफएम, म्हणजे ताशी साधारण २४५ घनमीटर. एवढ्या क्षमतेचा घरगुती एअर प्युरिफायर चालतो, तोंडावर जाळीचं कापड लावून, नाहीतर आतला फिल्टर दोन दिवसांत भरेल. हवा नीट ढवळली जात असेल तर या वेगाने ९५ टक्के धूळ जायला सुमारे २३ मिनिटं लागतात. म्हणून मशिन बंद केल्यावरही अर्धा तास मास्क काढू नकोस, हे फार थोडे पाळतात. प्युरिफायर तुझ्या पाठीमागे नको, धूळ नाकावरून जाते. ती वाहून दूर नेईल असा समोर ठेव.

कलेक्टर बाहेर ठेवून हवा बाहेरच सोडावी असं वाटेल. ६०० सीएफएम म्हणजे तुझ्या खोलीची सगळी हवा पावणेदोन-दोन मिनिटांत बाहेर. तेवढी आत यायला खिडकी उघडी हवी. दार-खिडकी बंद ठेवलीस आणि शेजारच्या बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर त्याचा धूर उलटा आत येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे ध्यानात ठेव. आणि फिल्टरशिवाय बाहेर सोडलंस तर वरच्या मजल्यावरच्या काकू आणि त्यांचे वाळत घातलेले कपडे आहेतच.

मास्क म्हणजे पी-१०० किंवा पी-३ फिल्टरचा रबरी हाफ मास्क, किमान नीट बसणारा एन-९५. सर्जिकल मास्क, रुमाल काही कामाचे नाहीत. दाढी असेल तर सील बसत नाही. वापरून झाला की डब्यात बंद, बेंचवर पालथा नको.

पीएम २.५ चा, म्हणजे हवेतली अडीच मायक्रॉनच्या आतली धूळ मोजणारा, छोटा लेझर मीटर लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन घे. त्याच्या अचूक आकड्याला फार महत्त्व देऊ नकोस, फरकाला दे. आपल्याकडे हिवाळ्यात सकाळी खिडकीबाहेरच आकडा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या वर असू शकतो, जी आपली २४ तासांची सरासरी मर्यादा आहे. म्हणून काम सुरू करण्याआधीचा आकडा लिहून ठेव, आणि मशिन बंद केल्यावर तिथे परत यायला किती मिनिटं लागतात ते बघ. संथ उतरला तर फिल्टर गळतोय. तेव्हा दिवा मालवून पिशवीच्या शिवणीवर टॉर्च तिरका पाड, गळती धुरासारखी दिसते.

झाडू आणि ब्लोअर दोन्ही बंद. ओला फडका किंवा व्हॅक्यूम. पावसाळ्यात पिशवी रोज संध्याकाळी रिकामी कर, ओलसर भुशावर बुरशी चढते आणि मग तीच श्वासात. ग्राइंडरच्या ठिणग्या कलेक्टरमध्ये कधीच जाऊ देऊ नकोस, आणि जुन्या लाकडातले खिळे आधी काढ. पंख्याच्या पात्यावर खिळा आपटून उडालेली ठिणगी भुशात तासभर धुमसत राहते. जवसाच्या तेलाची चिंधी सुरळी करून टाकू नकोस, आपोआप पेटते. पसरून वाळव किंवा पाण्यात घाल.

वायरिंगसाठी १६ अँपिअरचा वेगळा सॉकेट, कलेक्टर आणि टेबल सॉ वेगवेगळ्या सर्किटवर. मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट खेचते, म्हणून तो क्षणिक झटका सहन करणारा सी-कर्व्हचा एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच), सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). अर्थिंग बोर्डापर्यंत आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून मोजून घे. जुन्या इमारतीत नुसती हिरवी वायर दिसली म्हणजे अर्थिंग आहे असं नव्हे. रात्री दहानंतर मशिन नको, निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

आणि प्लाय, एमडीएफचा भुसा कुंडीत घालू नकोस, सरस मातीत जातो. पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात दे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंदू