चार पाऊण तीन

प्रिय मावशी,

नमस्कार. समोर बसून तुझे आभार मानायला गेले की तू "चल गो, उशीर होतोय" म्हणत मासळीची टोपली उचलतेस. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू पाखाडी उतरून गेलीस. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांनी वाचावं असं उघड लिहितेय. घरातल्या आजारी माणसापाशी दिवसच्या दिवस बसून असलेल्या कितीतरी बायका आपल्या या किनाऱ्यावर आहेत. त्यांना तुझ्याबद्दल कळायला हवं.

एकेरीत लिहितेय, कारण पहिल्याच आठवड्यात मी "अहो मावशी" म्हटलं तेव्हा तूच म्हणाली होतीस, "मावशीला कुणी अहो-जाहो करतं का?"

२०२३ च्या दिवाळीनंतर बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बिनपगारी रजा टाकून मी पुण्याहून कोकणात, आंजर्ल्याला आले ती महिनाभरासाठी म्हणून. त्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. कुशी बदलणं, पाठ पुसणं, मऊ पेज चमच्याने भरवणं, ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे. समुद्र घरापासून पाच मिनिटांवर आणि मी तो तीन महिने पाहिला नव्हता. रात्री गाज ऐकू यायची, तेवढाच.

तू हर्णैच्या लिलावात मासळी घेऊन, आडखळचा पूल ओलांडून दहाच्या सुमाराला आमच्याकडे यायचीस. मी दार अर्धं उघडून, काय असेल ते घेऊन, पैसे देऊन आत वळायची. एक दिवस ढोमे घेतले. मागल्या दारी बसून तू ते साफ करत होतीस आणि एकदम हाक मारलीस, "इकडे ये, हात पुढे कर." माझ्या तळहातावर तू दोन पांढरे खडे ठेवलेस. तुरीच्या डाळीपेक्षा थोडे मोठे, चिनीमातीसारखे गुळगुळीत, एका बाजूला कोरल्यासारखी खाच. म्हणालीस, "ह्याच्या डोक्यात असतात. प्रत्येकाच्या. जोडीनं."

एवढी वर्षं ढोमे खाल्ले, पण डोकी नेहमी टाकून दिली. मला वाटलं तू गंमत करतेस. दुसरं डोकं तू माझ्यासमोर फोडलंस. त्यातही दोन.

रात्री बाबा झोपल्यावर मी फोनवर शोधत बसले. ते माशाच्या कानातले खडे निघाले. त्यांच्या आधाराने मासा ऐकतो आणि पाण्यात स्वतःचा तोल सांभाळतो. मासा वाढतो तसे खड्यावर थर चढत जातात. पिल्लू लहान असताना तर रोज एक थर. खडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडातल्या कड्यांसारखे ते मोजता येतात आणि माशाचं वय कळतं. कित्येक आठवड्यांनी त्या रात्री मी औषधांखेरीज दुसरं काही वाचलं. सकाळी बाबांच्या डाव्या हातात ते दोन खडे ठेवले आणि सगळं सांगितलं. बाबा ते बोटांनी कितीतरी वेळ फिरवत राहिले. खाली पडू दिले नाहीत.

त्यानंतर मासळीबरोबर काहीतरी येतच राहिलं. एकदा लेप नावाचा चपटा मासा आणलास आणि विचारलंस, "दोन्ही डोळे एकाच बाजूला कसे?" उत्तर न देताच निघून गेलीस. लेपाचं पिल्लू इतर माशांसारखंच जन्मतं, दोन बाजूंना दोन डोळे घेऊन. मग वाढताना एक डोळा हळूहळू डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला जातो आणि मासा कुशीवर निजून तळाशी राहायला लागतो. दुसऱ्या दिवशी तुला हे सांगितलं तर तू म्हणालीस, "बरोबर. आता बाबांना सांग." खरं तर तुला आधीच ठाऊक होतं का? अजून सांगितलेलं नाहीस.

पण ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहितेय ते वेगळंच आहे.

२०२४ चा मार्च असेल. सुट्टे पैसे मोजता मोजता तू सहज म्हणालीस, "आज चौथ, तीनला भरती." मी विचारलं, घड्याळ न बघता कसं कळतं? तू म्हणालीस, "तिथीची पाऊणपट करायची. चौथीला..."

आणि आत खाटेवरून आवाज आला, "चार... पाऊण... तीन."

चार महिन्यांत त्या तोंडातून एक शब्द आला नव्हता. "पाणी" सुद्धा नाही. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. तू मात्र टोपली तिथेच ठेवलीस, थेट आत गेलीस आणि काहीच विशेष घडलं नाही अशा आवाजात विचारलंस, "आणि पंचमीला, गुरुजी?" बाबांनी वेळ घेतला. ओठ दोनदा चुकले. मग म्हणाले, "पावणेचार."

बाबांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊणचे पाढे, त्यांना लहानपणापासून तोंडपाठ. वाचा गेलेल्या माणसाच्याही तोंडी पाठांतर कधी कधी शाबूत राहतं, हे वाचोपचार करणाऱ्या बाईंनी मला पुढे समजावलं: मोजणी, आरती, वारांची नावं, पाढे. स्वतःहून शब्द जुळवणं हे वेगळं काम आहे, पाठ केलेलं ओघाने म्हणणं वेगळं. बाबांच्या डोक्यात पाऊणकी जागच्या जागी होती आणि तिला हाक तू मारलीस.

दुसऱ्या दिवसापासून तू दारात आल्या आल्या तिथी सांगायचीस आणि बाबा वेळ सांगायचे. सप्तमी, सव्वापाच. नवमी, पावणेसात. हा हिशेब ढोबळ आहे, छापील कोष्टकाशी ताडून पाहिला की कमीजास्त फरक निघतो. पण चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं मागे पडतो आणि पाणी त्याच्यामागे चालतं, ही एवढी मोठी गोष्ट आपल्याकडच्या माणसांनी तोंडी करता येईल अशा एका पाढ्यात बसवली, याचा मला फार अभिमान वाटतो. अष्टमीच्या आगेमागे पाणी थोडंच चढतं, ते भांगाचं. पौर्णिमेला-अवसेला उधाण. हे मी माझ्याच गावात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकले.

आणि मग त्या पंचमीला तू ओटीवर बसलीस, पदराने घाम पुसलास आणि म्हणालीस, "पावणेचारला भरती म्हणजे आता दहाला ओहोटी. जा बघून ये. मी बसते इथे."

मी नको म्हटलं. बाबांकडे पाहिलं. ते डाव्या हाताने दार दाखवत होते.

पंधरवड्यात दोन-तीन दिवस, पंचमी-षष्ठी-सप्तमी, तुझ्या यायच्या वेळेला ओहोटी पडते. त्या दिवशी तू तासभर बसायचीस. टोपलीतला बर्फ वितळत असायचा, पुढची घरं खोळंबायची, आणि मावशी, दुपारची मासळी सकाळच्या भावाने जात नाही हे न कळण्याइतकी मी शहरातली नाही. मी कधी त्याचे पैसे द्यायचं धाडस केलं नाही. तू रागावली असतीस.

पहिल्या दिवशी किनाऱ्यावर पोचले तर ओल्या वाळूवर हजारो बारीक गोळ्या मांडलेल्या. मध्ये एक भोक आणि त्याच्याभोवती किरणांसारख्या ओळी, जणू कुणी रांगोळी घातली आहे. दहा मिनिटं न हलता बसले तेव्हा कारागीर वर आला: वाटाण्याएवढा खेकडा. वाळू तोंडाशी नेतो, कणांना चिकटलेलं खाणं चाटून घेतो, उरलेल्या वाळूची गोळी करतो आणि मागे टाकतो. पुन्हा पुढची चिमूट. भरती आली की सगळं पुसलं जातं आणि पुढच्या ओहोटीला तो नव्याने सुरू करतो.

आणखी एकदा शिंपल्यांचा ढीग सापडला. त्यातल्या बऱ्याच शिंपल्यांना वरच्या टोकाशी एकच नेमकं गोल भोक. लहानपणी आम्ही त्यातून दोरा ओवून माळा करायचो, भोक कुणी पाडलं हे कधी विचारलंच नाही. शंखातली एक शिकारी गोगलगाय ते पाडते. शिंपल्याला धरून ठेवते, आम्लाने कवच मऊ करते, खरखरीत जिभेने घासत जाते, आणि मग आतला जीव खाते. भोक बाहेरून रुंद, आतून अरुंद. बाबांनी करंगळीचं नख घालून ते तपासलं.

माझ्या येण्याची बाबा वाट पाहू लागले होते. मी ओटीवर पाय धुवायची तोवर त्यांची नजर माझ्या ओंजळीवर.

१ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागली, बोटी बंद झाल्या. ३१ जुलैपर्यंत तू दिसणार नाहीस असं मी धरून चालले होते. विकायला काही नसताना कोण कशाला येईल? तू छत्री घेऊन आठवड्यातून एकदा येत राहिलीस. कधी सुकट, कधी नुसत्या गप्पा. एकदा तू बसलेली असताना मी सड्यावर, वरच्या उघड्या पठारावर, जाऊन आले. जांभ्या कातळावर निळसर फुलांचा गालिचा होता, सीतेची आसवं. एवढंसं नाजूक फूल, पण मुळांसारख्या धाग्यांवर त्याच्या बारीक पिशव्या असतात आणि त्यात ते पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातं. तुला सांगितलं तर तू तोंडावर हात ठेवलास. तुला ठाऊक नसलेली एक तरी गोष्ट मी आणली, याचा मला झालेला आनंद तू पाहिला असशीलच.

पुढच्या वर्षी ती कासवाची बातमी आली. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली ऑलिव्ह रिडले मादी गुहागरला अंडी घालायला आली होती. बाबांच्या शाळेतला जुना नकाशा आपण खाटेवर पसरला. त्यांनी डाव्या बोटाने ओडिशापासून सुरुवात केली, श्रीलंकेला वळसा घातला, केरळ, गोवा, आणि गुहागरपाशी बोट थांबवलं. मग थोडं वर सरकवून आंजर्ल्यावर टेकवलं. तू म्हणालीस, "इकडेही येतात, गुरुजी, तुम्हाला भेटायला." बाबा हसले. अर्धाच चेहरा हसायचा, पण हसले.

२०२५ च्या आषाढात ते गेले. बोटी बंदच होत्या. चौथ्या दिवशी तू भिजत आलीस, ओटीवर बसलीस, बराच वेळ काही बोलली नाहीस. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून म्हणालीस, "आज दशमी."

मी म्हटलं, "साडेसात."

ढोम्याचे खडे अजून डब्यात आहेत, एकतीस जोड्या. रजा संपली, नोकरी सोडली, त्याचं काय ते बघते आहे. ते महत्त्वाचं नाही. मनात एक गोष्ट राहिली आहे ती सांगते. तू मला इतक्या वेळा समुद्रावर पाठवलंस, पण माझ्याबरोबर एकदाही आली नाहीस. घरात कुणीतरी बसायला हवं होतं.

आता तसं कुणी नाही. उद्या षष्ठी. साडेचारला भरती, म्हणजे साडेदहाला ओहोटी. टोपली ओटीवर ठेव, बर्फ मी आणून ठेवलाय. दोघी जाऊ.

तुझी,
आंजर्ल्याची पोर