दुपारी बागांना कुलूप कशाला?

महोदय,

मी मूळची जळगावची. गेली तीन वर्षे सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते आणि फर्ग्युसन रस्त्याजवळच्या एका महाविद्यालयात शिकते. आमच्या खोलीत चार कॉट आहेत आणि वर पत्रा. एप्रिल लागला की सकाळी अकरापासूनच पत्रा तापतो आणि पंखा नुसती गरम हवा फिरवत राहतो. त्यात परीक्षा तोंडावर. ज्यांना अभ्यासिकेची फी परवडते त्यांचे ठीक आहे. बाकीच्यांनी दुपारचे कुठे जायचे, एवढेच विचारण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

संध्याकाळची चिंता नाही. पुण्याची उन्हाळी संध्याकाळ किती मोलाची आहे, हे खानदेशातून आलेल्या माणसाला विचारावे. आमच्याकडे मे महिन्यात रात्री दहालाही भिंतीला हात लावला तर ती गरम लागते. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे आणि उन्हाळ्यात इथली हवा कोरडी असते. त्यामुळे ऊन कलले की जमीन लवकर निवते आणि पश्चिमेचा वारा सुटतो. फर्ग्युसनच्या मागच्या हनुमान टेकडीवर तो वारा अंगावर घेत बसले की दिवसभराचा शीण उतरतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाजाची स्थापना केली, ती याच टेकडीवर. पहिल्या वर्षी एका मैत्रिणीने मला तिथले स्मारक दाखवले, तेव्हापासून त्या बाजूला गेले की पाय आपोआप थबकतात. पाय आणखी चालणार असतील तर पलीकडे लॉ कॉलेजची टेकडी आहे आणि पुढे वेताळ टेकडी, शहरातली सर्वांत उंच. तिथे सकाळी लवकर गेले तर मोरांची केकाही ऐकू येते. कोणी पैसे मागत नाही, की ‘ऑर्डर काय?’ म्हणून समोर येऊन उभे राहत नाही. महिनाअखेरीस आमच्यासाठी ही केवढी मोठी सोय असते!

पण दुपारी टेकडीवर जाता येत नाही. तिथे गिरिपुष्पाची झाडे उदंड आहेत. फेब्रुवारीच्या सुमारास ती गुलाबी फुलांनी भरून जातात, तेव्हा त्यांच्यावर पान राहिलेले नसते. म्हणजे ऊन वाढू लागते तेव्हाच त्यांची सावली गेलेली असते. खालचे गवतही वाळून कोळ झालेले असते. एका विझवलेल्या न विझवलेल्या विडीने वणवा लागायला वेळ लागत नाही.

दुपारची खरी सावली आहे ती शहरातल्या सार्वजनिक बागांमध्ये. वड, पर्जन्यवृक्ष, जुनी आंब्याची झाडे, खाली बाक. आणि नेमक्या त्याच वेळी बागा बंद! सकाळी फिरायला येणारे गेले की फाटकाला कुलूप लागते, ते चारच्या सुमारास उघडते. गेल्या वर्षी परीक्षेच्या आदल्या दिवशी मी एका बागेच्या बंद फाटकाबाहेर, कुंपणावरून आलेल्या फांदीच्या हातभर सावलीत नोट्स घेऊन बसले होते. आत डेरेदार झाडाखाली सहा बाक रिकामे दिसत होते. रखवालदार काका भले माणूस. त्यांनी मला आपल्या बाटलीतले पाणी दिले आणि म्हणाले, “पोरी, माझ्या हातात असतं तर आत्ता उघडलं असतं.”

बाग बंद ठेवण्यामागे झाडलोट, पाणी घालणे, कर्मचाऱ्यांची सुट्टी अशी कारणे असतील. ती मला मान्य आहेत, पण त्यासाठी सगळी बाग बंद ठेवावी लागत नाही. एक फाटक आणि दाट झाडांचा एक भाग खुला ठेवला तरी पुरेल. दुपारी बागेत जोडपी बसतात, अशीही तक्रार मी ऐकली आहे. बसू देत. दोन माणसे झाडाखाली बोलत बसल्याने कोणाचे काही बिघडत नाही. आणि सावलीची गरज फक्त विद्यार्थ्यांनाच आहे असे नाही. घरोघरी पार्सल पोचवणारी मुले भरदुपारी दुचाकीवरच डोके टेकून झोपलेली मी रोज पाहते. भाजीवाल्या मावशी, बांधकामावरच्या बायका, त्यांची तान्ही मुले यांनाही घटकाभर टेकायला जागा हवीच असते.

एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत महाविद्यालयांच्या आसपासची निदान एक बाग दुपारी उघडी ठेवावी, तिथे पिण्याच्या पाण्याचा चालू नळ असावा आणि टेकड्यांच्या पायथ्यालाही पाण्याची सोय करावी, अशी संबंधित अधिकाऱ्यांना आपल्या वृत्तपत्रातून माझी कळकळीची विनंती आहे. त्यासाठी नवे बांधकाम नको, नवी फरशी तर नकोच. झाडे आहेत, बाकही आहेत. आमच्या परीक्षा सुरू होण्याआधी तेवढे कुलूप निघावे.

आपली,
एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ, पुणे