गांधीलमाश्यांबद्दल, बाबांसाठी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "जो तो आपलंच बघतो, डार्विनने तेच तर सांगितलंय." तेव्हापासून ते मनातून जात नाही. बाबा, १८५९च्या पुस्तकात डार्विनला नेमकी उलटी अडचण पडली होती. मुंग्या-मधमाश्यांतल्या कामकरी माद्या राणीची, म्हणजे बहुधा आपल्या आईचीच, पिल्लं वाढवण्यात जन्म घालवतात, त्यांना स्वतःची होत नाहीत. मग हा स्वभाव पुढे उतरतो कसा? १९६४मध्ये हॅमिल्टन या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने उत्तर दिलं: बहिणीतही आपलीच जनुकं असतात, तिला वाढवलं तरी ती पुढे जातात.

मला त्याहून पटतं ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं राघवेंद्र गदगकरांचं काम. रोपॅलिडिया मार्जिनाटा ही आपल्याकडचीच, कागदी पोळं करणारी गांधीलमाशी. तिच्यातल्या कामकरी माश्या वांझ नसतात. वेगळं पोळं बांधता येतं, काहीजणी बांधतातही. राणी अनेक नरांशी जुगते, त्यामुळे बहिणींचं नातंही तितकं घट्ट उरत नाही. तरी बऱ्याचजणी राहतात. कारण एकटी राहिलेली माशी मेली की तिची अर्धवट वाढलेली पिल्लंही जातात. पोळ्यात मेली तर बाकीच्या ती पोसतात. तिचे कष्ट फुकट जात नाहीत. राणी नाहीशी झाली की मात्र ह्यांच्यातलीच एक एकाएकी भांडकुदळ होते आणि आठवडाभरात अंडी घालू लागते. राबणारी आणि गादी बळकावणारी माशी वेगळी नसते.

यातली कुणीही हिशेब मांडत नाही. तसा स्वभाव असलेल्यांचा वंश टिकला, एवढंच. बाबा, आत्याच्या शिक्षणाला, काकांच्या दुकानाला तुम्ही पैसे दिलेत तेव्हा तुम्हीही हिशेब केला नव्हता. आज त्यांचे फोन येत नाहीत, याचं मलाही वाईट वाटतं. पण जगाची रीतच स्वार्थाची म्हणताना तुम्ही स्वतःलाच खोटं पाडता, ते मला सोसत नाही.

आई, मागच्या पडवीतलं पोळं जाळायचं म्हणत होतीस. जाण्यायेण्याच्या वाटेत नसेल तर राहू दे. पिल्लांना भरवायला त्या झाडांवरच्या अळ्याच मारून नेतात. वाटेत असेल तर माहीतगार माणूस बोलाव, बाबांना शिडीवर चढू देऊ नकोस. दिवाळीला येतेच आहे.

तुमची लेक