डिकीच्या आतलं तुझं अक्षर

प्रिय बंड्या,

सहा महिने झाले तुला काही लिहून. मध्ये तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही आणि उलट फोनही केला नाही. रागावला असशील तर रागाव, तुझा हक्क आहे. पण हे पत्र पुरतं वाच. काल अण्णांच्या गाडीच्या डिकीत तुझं अक्षर सापडलं.

डिकीतलं उजव्या बाजूचं अस्तर रंगकामाच्या मिस्त्रींनी क्लिपा काढून बाहेर ओढलं. आत मागच्या चाकावरचा पत्रा. त्यावर टॉर्च मारला तर काळ्या मार्करने लिहिलेलं : ‘आतून गंज धरलाय. बाहेरून रंग मारताय. मी सांगितलं होतं.’ खाली तुझी ती कोंबडी चालून गेल्यासारखी सही आणि तारीख. ताईच्या लग्नाच्या आठ दिवस आधीची तारीख. म्हणजे आपण भांडलो त्याच संध्याकाळची. तू पाना आपटून तडक निघून गेलास, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. जाण्याआधी तू अस्तर काढलंस, हे लिहिलंस आणि एकेक क्लिप परत जागेवर बसवून गेलास, हे मला १६ वर्षांनी कळलं. एक क्लिप तेवढी उलटी बसली होती. भांडणाच्या भरात माणूस क्लिपा मोजून लावतो, हे फक्त तूच करू जाणे.

मिस्त्रींनी दोनदा वाचलं. ‘कोण हा?’ म्हणाले. मी म्हटलं, मित्र. ‘मग त्याचं ऐकलं का नाही?’ मला काही बोलता आलं नाही.

तू बरोबर होतास. तेव्हा गाडी रंगवण्याआधी काचांची रबरं काढायला हवी होती, दारांच्या बीडिंग काढायला हव्या होत्या, गंज पत्र्यापर्यंत खरवडायला हवा होता. मी अण्णांनी दिलेल्या पैशांतले चार पैसे वाचवायला निघालो होतो आणि तुला सगळ्यांसमोर ‘तुझ्या बापाची गाडी आहे का’ म्हणालो. ते वाक्य मला अजून आठवतं. तू विसरला असशील असं मी समजत होतो, पण डिकीतलं वाचल्यावर तसं वाटत नाही.

आमच्याकडे सगळे ठीक. आईचा गुडघा तसाच आहे, माझी साखर ताब्यात आहे. पुढे.

गाडी पूर्ण रंगवायची ठरवली आहे. आता टच-अप नाही, दोन दारं आणि एक फेंडरही नाही, सगळी. बॉनेटवरचा लाल रंग उन्हाने विटून गुलाबी झालाय, टपावरची क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, कांद्याच्या सालीसारखी सुटते. रबरांच्या कडेने तर बोटाने पोपडे निघतात. तिथे आपण नुसती टेप लावून रंग मारला होता. टेपेला खेटून घासायचा पेपर नीट फिरलाच नव्हता, म्हणून खालच्या गुळगुळीत रंगाला वरच्या रंगाने पकड कधी घेतलीच नाही. एवढं सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते उजव्या चाकावरच्या कमानीचं. तिथे नखाएवढा फोड आला होता. मिस्त्रींनी लाकडी ठोकळ्याला १८०चा पेपर गुंडाळला आणि हलक्या हाताने तळहाताएवढी जागा घासली. झाडाच्या बुंध्यात दिसतात तशी वलयं उमटली : लाल, राखाडी प्रायमर, मग आपला जुना शेवाळी हिरवा, आणि मधोमध लांबीचा, म्हणजे खड्डे भरायच्या पुट्टीचा, मोठा फिकट डाग. मग त्यांनी रंगाची जाडी मोजायचं मीटर लावलं. कारखान्यातून आलेला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. आपल्या बॉनेटवर २८० भरला, दोनदा रंगवलेल्या गाडीला ते साजेसं आहे. या डागावर आकडा १००० च्या पुढे गेला आणि तिथून त्यांनी मीटर उचललंच. स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं, जोर लावला नाही, आणि ते आत गेलं.

बंड्या, तो आवाज फार वाईट होता. भिजलेल्या बिस्किटात बोट जावं तसा.

लांबी ओलावा शोषून धरते. खाली गंज तसाच ठेवून वर लांबी भरली की ती गंजाला पाणी पाजत बसते, हे तू तेव्हा शब्दशः असंच सांगितलं होतंस.

आता खरी काळजी सांगतो. त्यासाठीच लिहायला बसलो, कारण घरी हे कुणाला सांगून उपयोग नाही. तीन ठिकाणी विचारलं. पहिल्याने गाडीला एक फेरी मारली, एक आकडा तोंडी सांगितला आणि ‘चार दिवसांत न्या’ म्हणाला. तिथे एक पोरगा तोंडाला नुसता रुमाल बांधून टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचं, क्लिअर मारत होता. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, दमा कायमचा मागे लागू शकतो. साधा मास्कही त्याला पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. मी मालकाला तसं सांगितलं तर म्हणाला, त्याला सवय आहे. मी तिथून निघालो. तो आकडा सगळ्यांत कमी होता आणि मला तो नको आहे, पोराच्या छातीतून वाचवलेले पैसे मला नकोत.

दुसऱ्याने कागद दिला. त्यावर ‘फुल बॉडी पेंट’ एवढे तीनच शब्द. कोणता प्रायमर, किती हात, रबरं काढणार की टेप लावणार, काही नाही. तिसरे हे मिस्त्री. त्यांचा कागद सहा पानी. प्रत्येक पत्र्याची वेगळी ओळ. उघड्या पत्र्यावर एपॉक्सी प्रायमर, त्यावर टू-के प्रायमरचे तीन हात, काळी भुकटी चोळून ठोकळ्याने घासणं म्हणजे खोलगट जागा आपोआप काळ्या दिसतात, मग ५००चा पेपर, बेसचे म्हणजे मूळ रंगाचे तीन हात, क्लिअरचे दोन, दर दोन हातांच्या मध्ये थिनर उडून जायला वेळ, आणि बूथमध्ये पत्रा ६० अंशांवर अर्धा तास. सगळं लिहिलेलं. फक्त तिसऱ्या पानावर ‘गंज व पत्राकाम’ या ओळीसमोरची जागा कोरी.

मी म्हटलं, इथे आकडा घाला. ते म्हणाले, ‘उघडल्याशिवाय घालणार नाही. घातला तर एक तर तुम्हाला लुबाडेन, नाही तर स्वतः बुडेन, आणि बुडायला लागलो की मीही लांबीच भरेन.’

त्या कोऱ्या चौकटीने माझी झोप उडाली आहे. चार रात्री वही घेऊन बसतोय. हाताशी असलेल्या पैशांचे शंभर भाग धरले. रंगाचं सामान, म्हणजे प्रायमर, बेस, क्लिअर, पेपर, टेप, सगळं मिळून २० भागांत बसतं. मला वाटायचं रंगच महाग असतो. चांगला आणि साधा रंग यांतला फरक तीन-चार भागांचा आहे, तिथे हात आखडण्यात काही अर्थ नाही. मजुरी ४५. खोलणं, घासणं, परत घासणं, जोडणं, सगळे पैसे तासांचे आहेत, आणि स्प्रे गन हातात असते तो वेळ त्यात अगदी थोडा. रबरं, बीडिंग, क्लिपा, पुढच्या काचेचं गॅस्केट यांना १०. हे मी पहिल्या हिशेबात धरलंच नव्हतं. जुनं रबर काढताना तुटतंच, आणि नव्या रंगाशेजारी कडक झालेलं रबर लावलं तर पाणी तिथूनच आत जाणार. उरले २५. त्यात ती कोरी चौकट.

एका चाकाच्या कमानीला ते पुरतील. पण दारांखालचे पट्टे? दारांच्या तळाची पाणी जायची भोकं माती साचून बुजली आहेत, चारही. काचेच्या रबराखाली काय आहे कुणी पाहिलंय? १६ वर्षांपूर्वी तू पाहा म्हणालास, मी पाहू दिलं नाही.

मग मिस्त्रींशी बसून असा तोडगा काढला. कामाचे दोन तुकडे. आधी फक्त खोलणं, खरवडणं आणि पत्राकाम, तासाच्या दराने, रोज संध्याकाळी फोटो. २५ पैकी १५ भाग संपले की काम थांबवायचं, मला बोलवायचं आणि माझ्या होकाराशिवाय पुढे हात लावायचा नाही. उरलेल्या १० भागांना, काही झालं तरी, पत्राकामासाठी हात लावायचा नाही, कारण रंग मारतानाही काहीतरी निघतंच. पत्रा साफ झाला की मग रंगाचा आकडा पक्का. १५ भागांत नाही भागलं तर सगळ्या पत्र्यावर एपॉक्सी मारून गाडी झाकून ठेवायची आणि पैसे साठेपर्यंत थांबायचं. एपॉक्सी पाण्याला अडवतं, टू-के प्रायमर अडवत नाही, म्हणून थांबायचं असेल तर एपॉक्सीवरच. तुला हे पटतं का? मला खरंच तुझं मत हवं आहे, ‘तू ठरव’ म्हणू नकोस.

बंपर, दिवे, सीट, दारांची अस्तरं मी स्वतः काढतोय, तेवढे मजुरीचे तास वाचतात. प्रत्येक बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी. हे तुझ्याकडूनच शिकलो. आणि हो, डॅशबोर्डवर तू मारायचास तो चकचकीत स्प्रे घरातून हद्दपार केला. त्यात सिलिकॉन असतं, पत्र्यावर कुठे कण राहिला तर रंग तिथून माशाच्या डोळ्यासारखा गोल सरकतो. तुझा तो डबा गॅरेजात अजून होता, अर्धा भरलेला! ताईने ओळखला आणि पोट धरून हसली.

ही एकदाच म्हणाली, ‘विकली तर येतील त्यापेक्षा जास्त पैसे तुम्ही रंगावर घालताय.’ खरं आहे. मी हिशेब तपासला, खरंच जास्त आहेत. मी तिला म्हटलं, विकायची नाही. ती म्हणाली, ‘मग मला विकायचा आकडा दाखवत जाऊ नका, किती वर्षं चालवणार ते सांगा.’ त्यानंतर वहीतलं ते पान फाडलं.

रंगाचं सांगायचं राहिलं. लाल नको, पुन्हा हिरवा. तू हसशील, पण यात पैसेही वाचतात. रंग बदलायचा तर दारांच्या चौकटी, डिकीची आतली बाजू, बॉनेटखाली, सगळीकडे रंग न्यावा लागतो, नाही तर दार उघडलं की जुना रंग दिसतो. आपण तेव्हा स्वस्तात उरकलं म्हणून आपल्या चौकटी आजही हिरव्याच आहेत. दार उघडलं की अण्णांचीच गाडी. मिस्त्री म्हणतात आतला रंग सुस्थितीत आहे, पेपर मारून वर एक हात दिला की पुरे. शिवाय तो साधा रंग, मेटॅलिक नाही. मेटॅलिकमधले कण गनच्या अंतराप्रमाणे आणि दाबाप्रमाणे वेगळे पडतात, उद्या एक दार ठोकलं तर नुसत्या त्या दाराला रंग जुळवणं कठीण. साध्या रंगाचं तेवढं दुखणं नाही. छटा जुळवायला चौकटीतला नमुना आहेच. फक्त नोंदणीच्या कागदावर लालचं परत हिरवं करावं लागेल. मागच्या वेळी ते खेटे तू घातलेस, अबोला असतानासुद्धा. कागद ताईच्या हाती देऊन दारातूनच परत गेलास. आत बोलवायला मी उठायला हवं होतं.

तुझ्या बदलीचं कळलं. घर मिळालं का? वहिनींना नमस्कार, त्यांच्या पाठीचं काय झालं? धाकटी दहावीला ना यंदा? तिला सांग, काकाने पेन पाठवायचं कबूल केलंय ते विसरलेला नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी काचा उतरवणार आणि दारांखालचे पट्टे उघडणार. मिस्त्रींनी निरोप दिलाय, ‘डिकीत लिहिणाऱ्याला घेऊन या.’ शक्य असेल तर ये. ती कोरी चौकट भरताना तू शेजारी असावास असं वाटतं. अण्णा असते तर त्यांनीही तुलाच बोलावलं असतं, मला नव्हे, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे.

आणखी एक. तू लिहिलंयस तो पत्रा खालून खाल्ला गेलाय, बहुधा कापावाच लागेल. तुकडा फेकू नका म्हणून मिस्त्रींना सांगून ठेवलं आहे. धार फार येते कापताना, हात सांभाळून घ्यावा लागेल. तू आलास तर तूच ने.

तुझाच,
नाना

ता. क. उलटी क्लिप मी सरळ केलेली नाही. पिशवीत वेगळी ठेवली आहे.