नुरा कुस्तीतली मान

ती. बाबा व ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

काल व्हिडिओ कॉलवर अर्णव शेजारच्या सोहमला पोटाशी उलटा धरून दिवाणावर बसकण मारताना दिसला. मी ओरडले, तर बाबा म्हणाले, "टीव्हीतली नुरा कुस्ती ती, तिच्यात कुणाला काय लागतंय?" फोनवर धड उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहितेय. आई, हे तुझ्यासाठीही आहे, कारण दुपारी बाबा आडवे झाले की दोन्ही पोरं तुझ्याच ताब्यात असतात.

नुरा आहे हे खरंच. कोण जिंकणार ते आधी ठरतं, मोठे डावही ठरलेले असतात. पण शंभर-सव्वाशे किलोचा माणूस पाच-सहा फुटांवरून खाली येतो तेव्हा ते वजन खरं असतं आणि खालच्या फळ्याही खऱ्याच असतात.

बाबा, तुम्ही गंगावेश तालमीत घाम गाळलाय, म्हणून कुस्तीच्याच भाषेत सांगते. मातीत समोरचा तुमची पाठ लावायला बघतो आणि तुम्ही ती वाचवायला बघता. तुमची मान शेवटपर्यंत तुमच्याच ताब्यात असते. धोबीपछाड बसतानाही पैलवान अंग चोरतो, हनुवटी आत घेतो, खांदा पुढे घालतो. रिंगमध्ये उलट चालतं. वर जाणारा स्वतः उडी मारून उचलणाऱ्याला मदत करतो आणि एकदा पाय सुटले की त्याची मान दुसऱ्याच्या हातात जाते. उचलणाऱ्याचं खरं काम आपटणं नसतंच. समोरच्याला शाबूत खाली आणणं हे त्याचं काम, आणि त्या धंद्यात चांगला पैलवान त्यालाच म्हणतात ज्याच्या हातून वर्षानुवर्षं कुणी जायबंदी होत नाही.

आता जमिनीचं बघा. आपल्या हौद्यातली माती रोज उकरतात, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालतात, आणि ती पडणाऱ्याला पोटात घेते. मोठ्या कंपन्यांची रिंग वीस फूट बाय वीस फूट असते. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर जेमतेम इंचभर फोम आणि वर ताणलेलं कॅनव्हास. खाली पोकळी असल्यामुळे आवाज ढोलासारखा घुमतो. फळ्या मधोमध थोड्या लवतात, कडेला चौकटीजवळ जवळपास नाहीच. म्हणून मोठी आपटी शक्यतो मध्यावर देतात. रिंगबाहेर तर काँक्रीटवर पातळ मॅट अंथरलेली असते, बस्स.

पडायचं कसं, हे त्यांना डावांच्या आधी शिकवतात. आधी बसलेल्या स्थितीतून मागे लवंडायचं, मग उकिडवं बसून, मग उभ्याने, आणि उचलून घ्यायची पाळी फार उशिरा येते. हनुवटी छातीला घट्ट. टेकायच्या क्षणी श्वास बाहेर. हात अंगापासून तिरके पसरून तळवा आणि पूर्ण बाहू एकाच वेळी जमिनीवर आपटायचा. पाठीचा वरचा रुंद भाग, म्हणजे दोन्ही खवाटे, आधी टेकले पाहिजेत. माकडहाड नाही आणि डोकं तर नाहीच. मार जितक्या मोठ्या भागावर वाटला जातो तितका एकेका हाडाला कमी बसतो, सगळी युक्ती एवढीच. हनुवटी विसरली की डोक्याची मागची बाजू फळीवर आदळते. कोपर आधी टेकलं की खांदा किंवा गळपट्टीचं हाड जातं. घाबरून हात मागे टेकवला की मनगट. श्वास रोखून धरला तर छाती आवळून काही वेळ श्वासच घेता येत नाही.

पण हनुवटी आत घेण्याची ही शिकवण फक्त पाठीवर पडण्यापुरतीच आहे, आणि पोरांना नेमकं हेच कळत नाही. मानेत सात मणके असतात आणि त्यांना पुढच्या बाजूला हलकासा बाक असतो. तो बाक स्प्रिंगसारखा धक्का गिळतो. मान जराशी पुढे वाकली की बाक जातो आणि सात मणक्यांचा सरळ खांब तयार होतो. त्या अवस्थेत टाळूवर वरून भार आला तर त्याला वाकायला जागाच उरत नाही, मणका फुटतो आणि त्याचे तुकडे मज्जारज्जूत घुसू शकतात. त्यामुळे उलटा धरलेला माणूस स्वतःला वाचवायला जवळजवळ काहीच करू शकत नाही. जे करायचं ते धरणाऱ्याने.

अर्णव करत होता तो डाव म्हणजे पाईलड्रायव्हर. धरलेल्याचं डोकं धरणाऱ्याच्या मांड्यांत, आणि ते धरणाऱ्याच्या गुडघ्यांच्या किंवा बुडाच्या पातळीपेक्षा निदान चार बोटं वर राहिलंच पाहिजे. गुडघ्यांवर उतरला तर जमीन गुडघ्यांना लागते आणि डोकं अधांतरी राहतं. बसकण मारली तर तेच डोकं झपकन खाली येतं. ३ ऑगस्ट १९९७ ला अमेरिकेत न्यू जर्सीत, डब्ल्यूडब्ल्यूई (तेव्हाची डब्ल्यूडब्ल्यूएफ) या कुस्ती कंपनीच्या समरस्लॅम कार्यक्रमात नेमकं हेच घडलं. ओवेन हार्टने स्टीव्ह ऑस्टिनला उलटा धरला आणि गुडघ्यांवर उतरण्याऐवजी तो खाली बसला. ऑस्टिनचं डोकं मांड्यांच्या खाली लोंबत होतं. सगळा भार टाळूवर आला आणि त्याचे हातपाय काही काळ हलेनात. ओवेनच्या लक्षात आलं, तो प्रेक्षकांना डिवचत वेळ काढत राहिला. शेवटी ऑस्टिनने कसाबसा रांगत जाऊन त्याला गुंडाळला आणि ठरलेला निकाल पुरा केला. पुढे मानेचं ऑपरेशन झालं, आणि २००३ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्याने कुस्ती सोडली. त्या कंपनीने नंतर मोजक्या जुन्या, हात बसलेल्या पैलवानांखेरीज सगळ्यांना हा डाव बंद केला. दोघेही कसलेले होते, बाबा. दहा वर्षांच्या पोराच्या हातात कसली पकड असणार?

पकडीचं तर फार बारीक असतं. ऑक्टोबर १९९९ मध्ये डॅरेन ड्रोझडॉव्ह या पैलवानाला डी'लो ब्राऊनने खांद्यांपर्यंत उचलून पाठीवर टाकायचा डाव लावला. ड्रोझडॉव्हच्या अंगात ढगळ शर्ट होता, पकड नीट बसली नाही, आणि तो पाठीवर पडायच्या ऐवजी डोक्यावर पडला. मानेचे मणके मोडले. २०२३ मध्ये गेला तोवर तो चाकाच्या खुर्चीतच होता. खुन्नस नव्हती, ताकद कमी पडली नव्हती. एक पकड हुकली, एवढंच.

११ मार्च २०२२ ला अलाबामात बिग ई नावाचा पैलवान रिंगच्या बाहेर पडला. त्याला समोरून मिठीत घेऊन डोक्यावरून मागे फेकलं होतं. अशा फेकीत हवेत अंग पूर्ण फिरलं तरच पाठ टेकते; वळण अर्धं राहिलं की टाळू टेकते. त्याचं अर्धं राहिलं. मानेतला पहिला आणि सहावा असे दोन मणके मोडले. मज्जारज्जूला इजा झाली नाही, ऑपरेशनही लागलं नाही, पण त्यानंतर तो रिंगमध्ये परतलेला नाही. स्ट्रेचरवरून नेताना त्याने प्रेक्षकांना अंगठा दाखवला होता, म्हणून बऱ्याच जणांना वाटलं की विशेष काही नाही.

एका फटक्यात न दिसणारी झीज आणखी वाईट. जपानचा मित्सुहारू मिसावा वर्षानुवर्षं मानेवर, खांद्यांवर पडण्याच्या आपट्या घेत राहिला. १३ जून २००९ ला हिरोशिमात त्याला मागून उचलून पाठीवर टाकलं. हजारदा घेतलेला साधा डाव होता. तो उठलाच नाही. शेहेचाळीस वर्षांचा होता.

उडी मारणाऱ्याला तर सांभाळणारा हातही नसतो. जपानच्याच हायाबुसाचा २००१ मध्ये दोरांवरून उलटी उडी घेताना पाय सटकला, तो डोक्यावर आला आणि अंग लुळं पडलं. अर्णव कपाटावरून गादीवर उडी मारतो, तेव्हा मला हेच आठवतं. आणि ओढण्या बांधून माळ्यावरून उतरण्याचा खेळही बंद करा. वर लिहिलेला ओवेन हार्ट २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत छतावरून रिंगमध्ये उतरताना सुमारे २४ मीटरवरून पडून गेला. त्याला लावलेला हूक शिडाच्या बोटीवरचा, झटकन सुटण्यासाठी बनवलेला होता. पावणेतीन किलोच्या ओढीने तो उघडत असे.

त्यांच्याकडे बंदोबस्तही असतो, तो टीव्हीवर कळत नाही. पंचाच्या कानात यंत्र असतं. पडलेल्याचा हात तो हळूच दाबतो. उलट दाबला तर ठीक. उत्तर आलं नाही तर पंच डोक्यावर दोन्ही हातांची फुली करतो, आणि डॉक्टर आत येतो. २०१० पासून डब्ल्यूडब्ल्यूईत डोक्यात खुर्ची मारायला बंदी आहे, पाठीवर सपाट बाजूने मारतात. आपल्याकडे दिवाणाशेजारी पंच नाही, डॉक्टर नाही, आणि आई, प्लॅस्टिकची खुर्ची मात्र आहे.

गादी मऊ आहे म्हणून चालतं, असं म्हणू नका. मऊ गादीत डोकं रुततं, जागच्या जागी अडकतं, आणि मागून येणारं अंगाचं वजन अडकलेल्या मानेवर वळतं. शिवाय पोरांचं डोकं अंगाच्या मानाने जड, मानेचे स्नायू कोवळे आणि मणक्यांना बांधणारे पट्टे सैल. लहान मुलांत मणका न मोडताही मज्जारज्जू ताणला जाऊ शकतो, म्हणजे एक्स-रे स्वच्छ येतो आणि हातपाय लुळे असतात.

देव न करो, पण पोरगं डोक्यावर किंवा मानेवर पडलंच, तर उचलू नका. हाताला धरून बसवू नका, उशी देऊ नका, पाणी पाजू नका. आहे त्या स्थितीत डोक्याच्या दोन्ही बाजूंना तळवे लावून डोकं स्थिर धरा, "हलू नकोस" म्हणत राहा, आणि बोटं हलवता येतात का, मुंग्या येतात का एवढंच विचारा. दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. उलटी झाली तर डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी मिळून कुशीवर वळवायचं, नुसती मान वळवायची नाही.

बाबा, एक हात जोडून सांगते. तालमीत वस्ताद मान ओढून, झटका देऊन मोकळी करायचे. तो हात अर्णवच्या किंवा कुणाच्याही पोराच्या मानेला लावू नका. हाडवैद्याकडेही नेऊ नका. मणका मोडलेला असेल तर तो एक झटका पुरेसा असतो.

नुसतं डोकं आपटलं आणि पोरगं उठून पळायला लागलं, तरी दोन दिवस डोळा ठेवा. जपानमध्ये एप्रिल २०१७ ला कात्सुयोरी शिबाता समोरच्याला खरीखुरी टक्कर मारून सामना पुरा लढला, चालत आत गेला आणि मग कोसळला. मेंदूच्या आवरणाखाली रक्त साठलं होतं, ऑपरेशन करावं लागलं. डोकेदुखी वाढत गेली, परत परत उलटी झाली, झोपेतून नीट जागा होत नसला, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, चालताना तोल गेला, असंबद्ध बोलायला लागला किंवा आकडी आली, तर सकाळची वाट बघू नका, थेट सीपीआर इस्पितळात न्या. काहीच झालं नाही तरी पुरता बरा होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत दंगामस्ती नको. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हेवर्ड गावच्या एका कुस्तीशाळेत एका शिकाऊ तरुणाच्या डोक्याला मार लागला होता, तरी सराव चालू ठेवला. थोड्याच आठवड्यांत दुसरा मार बसला आणि तो गेला. पहिल्या मारातून न सावरलेला मेंदू दुसरा मार झेलू शकत नाही.

अर्णवला टीव्ही बंद करून उपयोग नाही, तो सोहमकडे जाऊन बघेल. त्याला उचलून आपटायची हौस आहे ना, मग तुम्ही त्याला कोलांटी शिकवा. जमिनीवर सतरंजी, गादी नको. हनुवटी आत, एक हात आत वळवायचा, डोकं बाजूला आणि त्या खांद्यावरून तिरकं लोळायचं, टाळू कुठेच टेकता कामा नये. आठवडाभर फक्त तेवढंच. मग त्याला तालमीत न्या, लहान पोरांच्या जोडीत मातीत उतरू दे. उलटं धरून उचलायचं नाही, मानेला मिठी नाही, कपाट-दिवाणावरून उडी नाही, एवढं सोहमलाही बजावा. आणि हे पत्र सोहमच्या आईला वाचायला द्या, तिच्याही घरी तसाच दिवाण आहे.

दिवाण भिंतीपासून ओढून घेतलात तर बरं, त्याच्या लोखंडी पायाचा कोपरा बाहेर आलाय. त्यावर जुनं गोणपाट गुंडाळून बांधा. आई, गुडघ्याचा शेक चालू ठेव.

तुमची,
सुनीता