गल्ल्याचा हिशेब रोज जुळवा

महोदय,

रविवार पेठेपासून मार्केट यार्डापर्यंत बिले आता संगणकावर होतात, पण रात्री हिशेब जुळवण्याची सवय वहीबरोबरच गेली, याची काळजी वाटते.

एका बिलामागे चार नोंदी होतात: विक्री, जीएसटी, साठ्यातली वजावट आणि रोख किंवा उधारी. चारही झाल्या तरच बिल पक्के; एक अडली तर बाकीच्याही मागे घ्यायला हव्यात. घोळ होतो यूपीआयपाशी. ग्राहकाचे पैसे कापले जातात, स्क्रीनवर मात्र 'प्रलंबित'. गल्ल्यावरचा मुलगा बिल रद्द करून दुसरे फाडतो, गिऱ्हाईक दुसऱ्यांदा पैसे देते, आणि बँकेत दोन रकमा, पुस्तकात एकच. रद्द करण्याआधी 12 अंकी व्यवहार क्रमांक बँकेच्या नोंदीत शोधावा.

साठ्याचेही तसेच. 24 नगांची पेटी खरेदीत '1' अशी चढते, विक्री नगावर होते. पेटीत किती नग हे भरलेच नसेल तर साठा उणे दिसणारच. उणे साठ्यावर बिल होऊ देऊ नये.

कंपन्यांना 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर सक्तीचे आहे. लहान दुकानदारांनीही ती सोय सुरू करावी, आणि प्रत्येक नोकराला स्वतंत्र पासवर्ड द्यावा. व्यापारी संघटनांनी यासाठी पेठापेठांत वर्ग घ्यावेत, ही विनंती.

— काही लेखापाल, शनिवार पेठ, पुणे